कंबरमोडीचा भारा

हां, तर ती जिंतूरकडची बाई यष्टीतून उतरली, पिशवी खांद्याला अडकवली, पदरानं घाम पुसला आणि थांब्यापाशी लिंबाखालच्या पारावर जी बाई बसली होती नेमकी तिलाच विचारलं, "मावशे, इतं गाठीवर पाला देणाऱ्या आश्रुबाचं घर कोन्तं वं?" काल गोष्ट इथवर आली आणि भाकरी थंड होतेय म्हणून आतून हाक आली, नाहीतर खरी गंमत पुढंच होती. कारण पारावर बसलेली ती बाई म्हणजे आपली धुरपदाबाई.

"काऊन? तुला काय झालं?" धुरपदाबाईनं विचारलं.

"काखंपाशी गाठ हाय. दवाखान्यातली सिस्टर म्हनली, सुई लावून तपासा. पर आमच्याकडं सांगतात, सुई लावली की गाठ चवताळती. मंग एकीनं सांगितलं, चुडाव्याकडं कुनी धुरपदाबाई हाय म्हनं. तिला कॅन्सर झालता. लिंबाएवढी गाठ ह्या आश्रुबाच्या पाल्यानं हरभऱ्याएवढी झाली. आन् डोक्याचा एक केस गेला न्हाई! तवा म्हटलं जावावं. घरी मावशीकडं जायलेय म्हून सांगून आले."

"तू पाह्यलीस का त्या धुरपदाबाईला?"

"न्हाई वं. पर समदे सांगायलेत."

धुरपदाबाई दोन्ही मनगटांच्या मध्ये पाण्याची बाटली धरून पाणी पीत होती. तळव्यांनी तिला बाटली धरवत नव्हती. तिनं ती बाटली हळूच खाली ठेवली आणि त्या पोरीकडं बघितलं. वय असेल तीस-बत्तीस. नाव सांगितलं प्रियांका. आणि धुरपदाबाईच्या कानात तेवढे दोनच शब्द राहिले: समदे सांगायलेत.

आता ह्या दोन शब्दांनी तिच्या अंगाची लाही का झाली, हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

धुरपदाबाई चुडाव्यापासून कोसभर आतल्या गावची. गेली तीस-पस्तीस वर्षं खुरपणीच्या टोळीची म्होरकी. बारा बायका तिच्या मागं रांगेनं बसायच्या आणि ती पुढं. सोयाबीन असो की कापूस, तिचं खुरपं पिकाच्या बुडापासून दोन बोटांवरून फिरायचं, पण पिकाला कधी लागलं नाही. आणि नाक असं की काय सांगावं! एकदा भुजंगरावांच्या रानात दुपारच्या भाकरीला बायकांनी पैज लावली. धुरपदाबाईचे डोळे तिच्याच पदरानं बांधले आणि एकेक तण तिच्या नाकापुढं धरायला लागल्या. ही दुधी. हा माठ. हा आघाडा. ही कुर्डू. अकरा तणं तिनं नावानिशी ओळखली. बारावं पान नाकापुढं आलं तशी म्हणाली, "ही मेथी हाय गं. आन् ती भुजंगरावाच्या वाफ्यातून कुनी खुडली, तेबी हाताच्या वासावरून सांगू का?" बायका हसून हसून मागं कलंडल्या. मेथी खुडणारीनं मात्र तोंड लपवलं.

दुसरा गुण म्हणजे झालेला अपमान ती विसरत नसे. तिच्या लग्नाच्या वर्षी एका सोयऱ्यानं तिला पंगतीतून उठवलं होतं, आधी मानकरी जेवू द्या म्हणून. वीस वर्षं ती काही बोलली नाही. त्या सोयऱ्याच्या पोराचं लग्न आलं. धुरपदाबाई सगळ्यात पहिल्या पंगतीला मानकऱ्यांच्या बरोबरीनं बसली, पाच वेळा भात मागून घेतला, पानावर त्याचा ढीग केला आणि एक शीतही न खाता हात धुवायला उठली. सोयरा धावत आला, "अहो वैनी, काय झालं?" ही म्हणाली, "भूक व्हती, पर वीस वर्सामागची. मरून गेली." तिचा नवरा पंडित स्वभावानं गाईसारखा. तो म्हणायचा, "आमची मंडळी सूड लोणच्यावाणी मुरत घालती."

पण एक सूड तिला मुरवता येईना. आश्रुबाचा.

धुरपदाबाईची धाकटी बहीण सुमनबाई त्याच गावात दिलेली, एका गल्लीआड. सहा वर्षांमागं तिच्या छातीत गाठ आली. तिनं पहिल्यांदा सांगितलं ते बहिणीला. आणि बहिणीनं तिचा हात धरला आणि आवसेच्या पहाटे आश्रुबाच्या ओट्यावर नेऊन बसवलं.

आश्रुबा गाठीवर पाला द्यायचा. त्याच्या बापापासूनचं ते चालत आलेलं. आवस सोडून दुसऱ्या दिवशी द्यायचा नाही, आणि पैसा घ्यायचा नाही. बिब्ब्याचं तेल, कसला तरी पाला आणि तव्याची काजळी एकत्र वाटून काळा गोळा करायचा, फडक्यात गुंडाळून गाठीवर बांधायचा. द्यायचं ते मुक्यानं, घ्यायचं ते मुक्यानं. आणि पथ्यं तीन. पाल्याचं नाव विचारायचं नाही, कारण नाव तोंडातून निघालं की गुण गेला. तेल-वांगं खायचं नाही. आणि सव्वा वर्ष अंगाला सुई लावू द्यायची नाही, कारण सुई लागली तरी गुण गेला.

तेल-वांग्यानं कोण मरतंय? पण तिसरं पथ्य सुमनबाईनं जिवापाड पाळलं. उपकेंद्रातली सिस्टर दोनदा घरी आली, "अक्का, नांदेडला चला, नुसतं सुईनं तपासायचंय." दोन्ही वेळा सुमनबाईनं बहिणीकडं बघितलं, आणि दोन्ही वेळा धुरपदाबाईच म्हणाली, "इतके महिने काढलेस, आता सुई लावून वाया घालवू नको." सव्वा वर्ष पुरं झालं तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरले आणि उशीर झाला म्हणून सांगितलं. पुढच्या संक्रांतीला सुमनबाई नव्हती.

मग धुरपदाबाईनं काय करावं? दहावं झालं आणि ती सुटली. गल्लीगल्लीतून आश्रुबाच्या नावानं शिव्याशाप देत फिरली. चावडीपुढं बोटं मोडली, पिठाच्या गिरणीत ओरडली, बाजारात ओरडली. आठ दिवस. घसा बसला, ताप भरला, ती अंथरुणाला खिळली. आणि पुढच्या आवसेला आश्रुबाच्या ओट्यावर रांग होती तेवढीच. लोक म्हणाले, बहीण गेली, डोकं फिरलंय बिचारीचं. खुद्द आश्रुबा तिच्या दारात नारळ घेऊन आला. "धुरपदे, तिनं कुठंतरी पथ्य मोडलं असंल गं. न्हाईतर मह्या बापाचा गुण असा जायचा न्हाई."

तो नारळ तिनं उंबऱ्यावर आपटला. त्याचं पाणी आश्रुबाच्या धोतरावर उडालं. पण तेवढंच. त्याच्या ओट्याचा एक चिराही हलला नाही.

चार वर्षं गेली. यंदा होळीच्या सुमाराला शेवटच्या वेचणीचा कापूस वेचता वेचता तिच्या स्वतःच्या उजव्या छातीत लिंबाएवढं काहीतरी हाताला लागलं. ती ओरडली नाही, रडली नाही. ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला, घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं पंडितला घेऊन चुडाव्याच्या ठेसनावरून नांदेडला गेली. तिथं सुई लावायची वेळ आली तशी सिस्टर म्हणाली, "मावशी, थोडं टोचेल हं."

"टोच," धुरपदाबाई म्हणाली. "दोनदा टोच. एक मह्या बहिणीच्या वाटची."

कॅन्सरच निघाला. डॉक्टरीणबाई होत्या अर्पिता म्हणून, तिच्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी सगळे कागद पुढं मांडले आणि म्हणाल्या, "आधी औषधानं गाठ लहान करू, मग ऑपरेशन. पण एक अडचण आहे. या गाठीवर जे लाल औषध चांगलं चालतं ते हृदयाला जड जातं, आणि तुमचं हृदय आधीच थकलेलं दिसतंय."

"मंग सोडून देता का मला?"

"नाही. तेच औषध दुसऱ्या रूपात देता येतं. साधं लाल औषध शिरेत सोडलं की ते अंगभर फिरतं. गाठीला मारतं, तसं केसांना, तोंडाला, हृदयाला, सगळ्यांनाच मारतं. हे जे आहे, यात तेच औषध चरबीच्या इवल्या इवल्या पुड्यांत बांधलेलं असतं. इतक्या बारीक, की तुमच्या एका केसाच्या जाडीत सात-आठशे पुड्या शेजारी शेजारी बसतील. नॅनो म्हणतात त्याला."

"आन् त्या पुड्यांना गाठीचा पत्ता कोन सांगतंय?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "पत्ता कुणी सांगत नाही. गाठ असते घाईत वाढलेली. रक्त ओढायला ती ज्या नळ्या बांधते त्यासुद्धा घाईत बांधलेल्या, त्यांना फटी राहतात. चांगल्या अंगातल्या नळ्या घट्ट विणीच्या असतात, तिथून ही पुडी सहसा बाहेर पडत नाही. गाठीपाशी फट सापडली की आत शिरते, तिथंच अडकते आणि तिथंच सुटते."

धुरपदाबाई म्हणाली, "म्हंजे उन्हाळ्यातल्या काळ्या रानावाणी. जितं भेग, तितं पानी मुरतंय. बाकी वरून वाहून जातंय."

"अगदी तसंच. पण खोटं सांगत नाही. सगळंच तिथं जातं असं नाही. काही भाग तळहात-तळपायांना त्रास देतो, कातडी सोलते. आणि गाठ जाईलच याची हमी मी देत नाही."

"आन् त्या गाठीला कळतंय का, कोन आलं म्हून?"

"नाही, तिला काय कळणार?"

"कळाय पाह्यजे व्हतं," धुरपदाबाई म्हणाली.

महिन्याला एक फेरी. लाल पाणी थेंब थेंब उतरायचं आणि ती त्या थेंबांकडं बघत ओठांतल्या ओठांत पुटपुटायची. शेजारच्या खाटेवरच्या बायकांना वाटायचं, बाई देवाचं नाव घेतेय. पंडितला खरं माहीत होतं. ती गाठीला म्हणत असायची, "घे. सुमनच्या वाटचं घे. हे बी घे. तुह्या घरात शिरलंय बग आता."

चार फेऱ्यांत गाठ आकसत हरभऱ्याएवढी झाली. पोळ्यानंतर ऑपरेशन करायचं ठरलं. केस जरा पातळ झाले, पण वेणी होती तशी राहिली. गेलं ते हातापायाचं कातडं. तळवे लालबुंद झाले, पापुद्रे सुटले, चिरा पडल्या. खुरपं धरायचं नाही, गरम भांडं धरायचं नाही, फार चालायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. बारा बायकांची म्होरकी बांधावर बसून दुसऱ्यांची खुरपणी बघायला लागली. तरी ती खूश होती. गाठ हरायलीय, तेवढं बस होतं तिला.

आणि इथंच आश्रुबानं डाव साधला.

गावाला कॅन्सर कळतो तो डोक्यावरून. टक्कल पडलं म्हणजे कॅन्सर. हिची तर वेणी कमरेला लागतेय. मग हिनं घेतलंय काय? कुणीतरी न्हाव्याच्या दुकानात आश्रुबाला विचारलं. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. नुसता हसला आणि म्हणाला, "नाव घेऊ नये. पथ्य असतंय."

झालं! आठ दिवसांत साऱ्या पंचक्रोशीत झालं, धुरपदाबाई आतून पाल्यावर हाय, वरून दवाखान्याचं नाव सांगती. बहिणीच्या वेळी शिव्या दिल्या म्हून आता लाजती बिचारी. ओट्यावरची रांग दुप्पट झाली. पोखर्णीहून लोक यायला लागले, पूर्णेहून यायला लागले. जे नांदेडच्या औषधानं जगवलं, ते आश्रुबाच्या ओट्यावरची जाहिरात झालं. सुमनबाईला ज्यानं घालवलं त्याचा मान आता तिच्याच बहिणीच्या वेणीवर वाढत चालला होता.

ऐकलं त्या दिवशी ती उठून खुरपं शोधायला लागली. पंडितनं ते आधीच गव्हाणीत लपवलं होतं.

"इकडं दे ते."

"तळवे फाटलेत तुहे. धरशील कशानं?"

"दातानं धरीन."

"आन् मंग? मागं आठ दिवस वरडलीस. काय झालं? समद्या गावाला लागलं, त्याला सोडून."

हे वाक्य तिला बाणासारखं लागलं. खरंच की. समद्या गावाला लागलं. आठ दिवस तिनं विष गावभर सांडलं, घसा तिचा बसला, ताप तिला आला, आणि ज्याला लागायचं त्याला लागलंच नाही. मग तिच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. रांधताना, जेवताना, बांधावर बसताना. त्याची फट कुठं हाय?

ती सापडली श्रावणात. टोळी भुजंगरावांच्या सोयाबीनीत होती, ही बांधावर. एका बाईनं खुरपलेल्या तणाची जुडी बांधावर भिरकावली ती हिच्या मांडीवर पडली. पिवळ्या फुलाची, लांब देठाची, खरबरीत पानाची कंबरमोडी. जुडी चिरडली होती. वास वर आला, आणि धुरपदाबाईला एकदम सुमनबाई दिसली, खाटेवर पडलेली, छातीला काळं फडकं बांधलेली. बिब्ब्याच्या उग्र वासाखाली, काजळीच्या वासाखाली हाच हिरवा, कडवट वास होता. तेव्हाही नाकानं ओळखला होता. पण नाव विचारायचं नाही हे पथ्य, म्हणून तिनं स्वतःच्या मनातसुद्धा त्या वासाला नाव दिलं नव्हतं. तिनं पान मनगटावर चोळलं. पुन्हा हुंगलं. अन् हसली. सुमनबाई गेल्यापासून बांधावर ती पहिल्यांदाच हसली, म्हणून खुरपणाऱ्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या.

"काय वं, काय झालं?"

"काय न्हाई. फट घावली."

तर आता या पारावर. प्रियांका पिशवी सावरत उभी, आश्रुबाचं घर विचारतेय. दुसऱ्या दिवशी पोळ्याची आवस. धुरपदाबाईनं तिला खरं सांगितलं का? नाही. ती म्हणाली, "पाला उद्या पहाटं मिळंल. आज मह्या घरी ऱ्हा. मीच नेते तुला." हेच शब्द तिनं सहा वर्षांमागं दुसऱ्या एका बाईला म्हटले होते.

घरी पंडित खांदेमळणीला बसला होता. बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचा तो दिवस. त्यानं आधी बायकोला समोर बसवलं आणि तेच लोणी, हळद न घालता, तिच्या तळव्यांना लावलं. मग बैलांना. प्रियांका दाराशी उभी राहून बघत होती. त्या सोललेल्या, लाल तळव्यांकडं बघून म्हणाली, "मावशे, हे कशानं झालं?"

"औषधानं."

"कसल्या?"

"उद्या सांगते. समद्यांपुढं सांगते."

पंडितनं बैलाच्या खांद्यावरून मान वर केली. "डॉक्टरीणबाई म्हनल्या व्हत्या गर्दीत जाऊ नको. चालू नको."

"एक डाव जाऊ दे. लय दिवसाचं मुरतंय."

त्यानं लोण्याची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "भारा मी कापून आनतो. तुला धरवायचा न्हाई."

पहाटे आश्रुबाच्या ओट्यावर पन्नासेक माणसं बसली होती, सगळी मुकी. पाट्यावर काळा गोळा, शेजारी फडक्यांची चवड. आश्रुबा पांढरं धोतर नेसून, डोळे मिटून, एकेकाच्या हातात फडकं ठेवत होता. कुत्रं भुंकलं तरी लोक त्याच्याकडं रागानं बघत होते, इतकी शांतता. आणि त्या शांततेत धुरपदाबाई आली. तळपायांना फडकी गुंडाळलेली, एका बाजूला प्रियांका, डोक्यावर हा एवढा हिरवा भारा. पंडित मागं दोन हात अंतरावर. तिनं मान झुकवली आणि भारा धप्पकन ओट्यावर, आश्रुबाच्या पुढ्यात टाकला.

"आश्रुबा भाऊ," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "लोक लय आलेत. पाला सरंल तुहा. म्हून भारा आनला."

आश्रुबानं डोळे उघडले. भाऱ्याकडं बघितलं. आता इथं तो हसला असता, "येडी झालीस काय, ही तर दुसरीच वनस्पती," एवढं म्हणाला असता, तर सगळं तिथंच संपलं असतं. कुणाला काय कळणार होतं? पण आश्रुबा काही ठग नव्हता. त्याचा त्या पाल्यावर खरोखरच विश्वास होता. त्याचं तोंड पांढरं पडलं, तो दोन्ही हात पुढं करून ओरडला, "नाव घेऊ नको धुरपदे! पाया पडतो, नाव घेऊ नको, गुन जाईल!"

अहो, पन्नास माणसांनी ऐकलं!

"कंबरमोडी," धुरपदाबाई म्हणाली. सावकाश, एकेक अक्षर दाताखाली चावून. "कंबरमोडी हाय ही. बांधावरची."

कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "आगं बया! ही तर आमची शेरडं खातात." आणखी एकजण म्हणाला, "ल्हानपनी ढोपर फुटलं की हीच लावायचो की." कुणीतरी फिस्कन हसलं. ते हसणं रांगेतून असं पळालं, की मुकं बसायची आठवण कुणालाच राहिली नाही.

धुरपदाबाई हसली नाही. ती ओट्याच्या पायरीवर बसली. तिनं दोन्ही तळवे वर केले.

"बगा. केसं न्हाई गेली म्हून समदे सांगायलेत की मी पाल्यावर हाय. हे बगा. हे पाल्यानं न्हाई झालं. नांदेडच्या औषधानं झालं. चार फेऱ्या घेतल्या, आता पोळा झाला की गाठ कापायचीय. वाचन का न्हाई, मला ठाव न्हाई. पर पहिल्या दिवशी सुई लावली म्हून आज इतं बसलेय. मह्या सुमननं न्हाई लावली." तिनं हात खाली घेतले. "आन् तिला ह्या वट्ट्यावर हात धरून कुनी आनलं? मी आनलं. सुई लावू नको कुनी म्हटलं? मी म्हटलं. आश्रुबाचं आन् मव्हं मिळून ते झालं. तवा मला शान्याबाईचं नाव देऊ नका. पर तुमी तरी उठा."

प्रियांकानं मघाच्या गडबडीत ओट्यावरचं एक फडकं उचललं होतं. तिनं ते ओट्यावर ठेवलं, जपून, जसं कुणाचं तरी उष्टं ताट ठेवावं तसं. "मावशे," ती म्हणाली, "नांदेडची गाडी कवा असती?"

"सकाळचीच हाय. पंडित येतोय तुह्यासोबत ठेसनापोत्तर."

रांग उठली. काही थेट निघून गेले, काही पाट्याकडं बघत घुटमळले. दोघं-तिघं जुने भाविक बसून राहिले, पण आश्रुबानं त्यांच्याकडंही फडकं पुढं केलं नाही. त्याचाच हात उठत नव्हता. नाव निघालं होतं. गुण गेला होता. तेही त्याच्याच तोंडून कबूल होऊन. ती म्हातारी जाताना म्हणाली, "आश्रुबा, भारा नको असंल तर शेरडाला न्हेऊ का रे?" आणि तिनं अर्धा भारा नेला.

ऊन वर आलं. गावात बैलांची शिंगं रंगवायला सुरुवात झाली, घुंगरांचा आवाज यायला लागला. ओट्यावर दोघंच राहिली. ती, कारण तिच्या पायांना उठायचं बळ नव्हतं. आणि तो, कारण जायला त्याला दुसरी जागा नव्हती. पाट्यावरचा काळा गोळा वाळून भेगाळत होता.

मग आश्रुबा बोलला. आवाज म्हाताऱ्याचा झाला होता.

"मह्या बापानं मरताना कानात सांगितलं व्हतं ते नाव. मी पोटच्या पोराला बी सांगितलं न्हाई. चाळीस वर्सं, धुरपदे. पैसा घेतला न्हाई कुनाचा. मला काय ठाव, सुईनं मानूस वाचतंय म्हून? मला बापानं सांगितलं ते मी सांगितलं."

धुरपदाबाई तळव्यांकडं बघत होती.

"आता गुन गेला. मान गेला. तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस. झालं का आता तुहं? भरलं का पोट? का अजून जीवच घ्यायचाय मव्हा?"

तेव्हा धुरपदाबाईनं मान वर केली, त्याच्याकडं नीट बघितलं आणि ती म्हणाली, "न्हाई आश्रुबा, जीव न्हाई घ्यायचा. मेलास तर सुटशील. आता तू मव्हं पथ्य घे, सव्वा वर्साचं. दर आवसंला पहाटं ह्याच वट्ट्यावर बसायचं, आन् जी बाई पाल्याला यील तिला तुह्या तोंडानं चुडाव्याच्या ठेसनाचा रस्ता सांगायचा. मह्या बहिणीला सुई काऊन लावू दिली न्हाई, तेबी सांगायचं, सुमनचं नाव घेऊन. मी दर आवसंला यायची न्हाई. पर कवा यीन, ते तुला सांगनार न्हाई."